बारा हजारात डिझायरचे टायर : चार नवे, दोन नवे की जुने?

पारोळेकर
राम राम मंडळी. २०१४ ची डिझायर पेट्रोल व्हीएक्सआय आहे, टायर साइज १६५/८० आर१४. गाडी तशी कमीच फिरते, मधूनमधून एरंडोल-जळगाव आणि महिन्यातून एकदा वडिलांना तपासणीला नाशिकला न्यावं लागतं, म्हणजे धुळे, लळिंग, मालेगाव, राहुड घाट, चांदवड असा सगळा हायवे, गाडीत आई-वडील, मी आणि मागे उशा-पिशव्यांचा संसार. तर पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड खाल्ली गेलीये, बाहेरून बघितलं तर नक्षी बरी दिसते. मागच्या दोघांची नक्षी तर मस्त शिल्लक आहे पण साइडला बारीक बारीक भेगा पडल्यात. मेकॅनिक म्हणतो काही होत नाही वर्षभर चालव, शेजारचे काका म्हणतात आजच्या आज काढून फेक.
जळगावला विचारलं तर नावाजलेल्या कंपनीचा एक टायर ४,३०० सांगितला. गावात एकजण सेकंडहँड १,४०० ला देतोय, दिसायला चकाचक. आणि तिसऱ्या दुकानात कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा कोरा टायर ३,१०० ला आहे. माझ्याकडे सगळं धरून बारा हजार आहेत, त्याच्या वर एक रुपया नाही कारण मुलीची क्लासची फी भरलीये आणि कापसाचे पैसे अजून व्यापाऱ्याकडेच अडकलेत. उन्हाळा लागायच्या आत काम उरकायचंय. काय करू?

भुसावळ_टॅक्सी
भाऊ आधी एक काम करा, कंपनी-बिंपनी नंतर. मोबाइलचा टॉर्च घेऊन गाडीखाली बसा आणि प्रत्येक टायरच्या साइडला डीओटी लिहिलंय तिथून पुढे बघत जा, शेवटी लांबट गोलात चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. कधीकधी ते आकडे टायरच्या आतल्या बाजूला असतात, बाहेर दिसत नाहीत, मग लोक म्हणतात आमच्या टायरवर तारीखच नाही. स्टेपनीचं पण बघा. मग बोलू.

पारोळेकर
बघितलं. पुढचे ११२१ आणि ११२१. मागचे दोन्ही ३८१७. स्टेपनी १२१४, म्हणजे गाडीबरोबर आलेलीच, एकदाही जमिनीला लागलेली नाही, नव्या टायरला असतात ते रबराचे बारीक केस अजून तसेच आहेत.

साने_नगर_धुळे
मग प्रश्न कुठे आहे, स्टेपनी नवीच आहे की. ती लावा, तीन विकत घ्या, चार झाले 😄

भुसावळ_टॅक्सी
नको रे बाबा. केस असलेली स्टेपनी बघून लोक फसतात. रबर न चालता पण म्हातारं होतं, उन्हाने, हवेने, गाडी उभी राहून राहून. बारा वर्षांची स्टेपनी म्हणजे पंक्चर झालं तर जवळच्या दुकानापर्यंत हळूहळू जायला ठीक, हायवेला ताशी नव्वदला नाही. बऱ्याच कंपन्या स्वतःच सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असू दे, काढा. आणि ते जगभराचं सांगतात, आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात ४४-४५ डिग्री, डांबर त्याहून तापलेलं, गाडी पत्र्याच्या शेडमधे किंवा सरळ उन्हात. इथे दहाची वाट बघायची नाही.
त्यामुळे काका बरोबर, मेकॅनिक चूक. आधी मागचे जाणार. ३८१७ म्हणजे आठ वर्षं उलटली, त्यात भेगा.

शिरपूरना_भाऊ
मानसले वय ऱ्हास तसं रबरले बी ऱ्हास भो. वरथून चकाचक दिसी ऱ्हायनं तं काय व्हई.

पारोळेकर
पण मागच्यांची नक्षी पुढच्यापेक्षा जास्त आहे हो, जिवावर येतं काढायला.

केळीवाला_रावेर
सगळेच नव्यामागे लागले. मी पिकअपला आणि घरच्या गाडीला कायम सेकंडहँडच टाकतो, काही झालं नाही. फक्त माल ओळखता आला पाहिजे. लोक नवी गाडी घेतात आणि शोरूममधून निघाल्या निघाल्या मोठे अलॉय आणि रुंद टायर टाकतात, त्यांचे काढलेले कंपनी फिटिंगचे टायर दुकानदाराकडे पडून असतात, शे-दोनशे किलोमीटर चाललेले. ते अर्ध्या-पाऊण किमतीत मिळतात. तसा सेट सापडला तर डोळे झाकून घ्या, बाकी १,४०० वाल्याला हात जोडा.

पारोळेकर
१,४०० वाल्याची नक्षी पण खोल आहे की.

केळीवाला_रावेर
तेच सांगतोय, खोल आहे म्हणूनच संशय येतो. गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम कटरने परत खाचा कोरून काळा पॉलिश मारतात, उन्हात ठेवला की नव्यासारखा चमकतो. ओळखायचं कसं तर नक्षीच्या खाचेत बोट फिरवा. कंपनीच्या खाचेचा तळ गुळगुळीत लागतो, कोरलेल्याचा खडबडीत, कुठे खोल कुठे उथळ. दुसरं म्हणजे प्रत्येक टायरला खाचेच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराची छोटी आडवी पट्टी असते, साइडला वरच्या कडेला टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं किंवा छोटा त्रिकोण असतो तिच्या रेषेत. ती पट्टी १.६ मिलिमीटर उंच असते, नक्षी झिजून तिच्या बरोबरीला आली की टायर संपला असं कायद्यानेच धरलंय. कोरणाऱ्याच्या हातून ती पट्टी कापली जाते. पट्टी सापडलीच नाही किंवा मधेच तुटलेली असली की उठायचं तिथून. कोरलेल्या टायरमधे खाली रबर उरलेलंच नसतं, आत तारांचा पट्टा एवढाच, आपल्या रस्त्यावरच्या खडीने तो कधीही उघडा पडतो.
आणि टायर रिमवर चढवायच्या आत पोटात टॉर्च मारून बघा, किती पॅच आहेत ते. साइडला पॅच असेल तर फुकट दिला तरी नको.

चाळीसगावची_सून
दादा, आमच्या घरात गाडीचा हिशोब मी ठेवते त्यामुळे जरा पैशाचं बोलते. ४,३०० चा टायर नीट वापरला तर पंचेचाळीस हजार किलोमीटर धरून चला, किलोमीटरला साडेनऊ पैसे पडले. १,४०० चा दहा हजार चालला तर चौदा पैसे, वर दरवेळी काढणं-लावणं-बॅलन्सिंगचे पैसे वेगळे, आणि घाटात काय होईल त्याची धास्ती वेगळी (आमचा कन्नडचा घाट आहे, मला तर लिहितानाच घाम फुटतो). स्वस्त तो नाहीच आहे, फक्त आज कमी काढावे लागतात खिशातून. पण आज खिशातच नसतील तर पैशा-पैशाचा हिशोब काय कामाचा, ते पण खरंच. म्हणून माझं मत, चार स्वस्तातले घेण्यापेक्षा दोनच चांगले घ्या आणि उरलेले दोन दिवाळीला. आम्ही तसंच केलं होतं, काही अडलं नाही.
आणि ४,३०० हा भाव जीएसटी उतरायच्या आधीचा तर नाही ना सांगितला? २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या टायरवरचा कर २८ वरून १८ टक्के झालाय. ज्याची मूळ किंमत ४,००० तो आधी ५,१२० ला पडायचा, आता ४,७२० ला पडला पाहिजे. टायरमागे चारशे रुपये म्हणजे थोडे नाहीत. बिलावर १८ टक्केच लावलाय ना बघा, आणि पक्कं बिलच घ्या.

साने_नगर_धुळे
ट्रॅक्टरच्या टायरवर तर ५ टक्केच झालाय म्हणे. वडिलांना ट्रॅक्टरने न्या नाशिकला.

चाळीसगावची_सून
झालाय खरा. पण तुम्ही गप्प बसा 🙂

टायरवाला_धुळे
मी टायरच्या दुकानातच काम करतो, नाव सांगत नाही, कोणाची जाहिरात पण करत नाही.
ताईंचं बरोबर आहे, दोन घ्या. पण दोन घेतले की गिऱ्हाईक हमखास म्हणतं पुढे लाव, इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे. तर नाही, नवे दोन मागेच लावायचे, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, ते ड्रायव्हरला हातात कळतं, पाय उचलला की बऱ्यापैकी सावरते. मागचे घसरले तर गाडीची मागची बाजूच फिरून पुढे येते, ते साध्या माणसाला सावरत नाही. लळिंग उतरताना पहिला पाऊस पडलेला असेल, रस्त्यावर ऑइल आणि धुळीचा चिखल झालेला असेल, तेव्हा हे आठवेल.
आता पुढच्यांचं. आतली कड खाल्ली म्हणजे टायरचा दोष नाही, गाडीचा आहे. अलाइनमेंट (चाकांचा कोन) गेलीये किंवा लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश तुटलेत, बारा वर्षांच्या गाडीला ते असतंच. ते न करता नवे टायर टाकले तर काही महिन्यात त्यांची पण तीच गत. तर आधी बुश बघा, मग टायर, मग अलाइनमेंट, हा क्रम उलटा करू नका. बुश ढिले असताना अलाइनमेंट करणं म्हणजे मशीनवाल्याला फुकट पैसे देणं.
आतल्या कडेला टीडब्ल्यूआयची पट्टी अजून खाली आहे का की नक्षी तिच्या बरोबरीला आली ते सांगा.

पारोळेकर
अजून खाली आहे, नखाएवढी जागा आहे वर. बाहेरच्या बाजूला तर भरपूर आहे.

टायरवाला_धुळे
मग तुमचे पैसे वाचले. टायरवर आऊटसाइड किंवा फिरण्याच्या दिशेचा बाण छापलेला नसेल तर तो रिमवरून उतरवून उलटा बसवता येतो, म्हणजे खाल्लेली कड बाहेर येते आणि चांगली कड आत जाते. डिझायरला येणारे साधे टायर बहुतेक असेच असतात. २०२१ चे आहेत, भेगा नसतील तर बुश आणि अलाइनमेंट करून दिवाळीपर्यंत आरामात निघतील. आतून तार दिसायला लागली असती तर मी हे सांगितलं नसतं.
भाव काढताना फोनवर फक्त टायरचा भाव विचारू नका. "फिटिंग, बॅलन्सिंग, नवीन वॉल (हवा भरायचा व्हॉल्व्ह), बिल सगळं धरून दोन टायरचे किती, आणि तारीख कुठली" असं विचारा. नाहीतर ४,२०० वाला वरून आठशे लावतो आणि ४,४०० वाला त्यातच करून देतो. जुन्या टायरचे काय देणार ते पण आधीच बोलून घ्या.

पारोळेकर
आणि कंपनी कुठली? एमआरएफच घे असं सगळे म्हणतात.

भुसावळ_टॅक्सी
तुमची साइज म्हणजे आमच्या टॅक्सीवाल्यांची साइज, त्यामुळे तुम्ही नशीबवान. एमआरएफ झेडव्हीटीव्ही, अपोलो अमेझर फोर जी लाइफ, सीएट मिलेझ, ब्रिजस्टोन बी२९०, सगळ्यांकडे आहे आणि रोज खपतं म्हणून माल ताजा मिळतो. एखाद्या हटके साइजला दुकानदार दोन वर्षांपूर्वीचा टायर काढून देतो, तुम्हाला तसं घ्यायची गरजच नाही. माझा अनुभव असा की जास्त किलोमीटर देणारे टायर जरा कडक असतात, रस्त्याचा आवाज आणि हादरे जास्त, मऊ टायर आरामाचे पण लवकर झिजतात. तुमचं रनिंग कमी, तुमचे टायर झिजून नाही तर वय होऊन जाणार, मग लाखभर किलोमीटरच्या जाहिरातीला भुलून जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. यातला जो सहा महिन्यांच्या आतला आणि दोनशे रुपये स्वस्त मिळेल तो घ्या, भांडत बसू नका.

केळीवाला_रावेर
+१. माझ्याकडून पण नव्याला +१, लिहून ठेवा, परत म्हणणार नाही.

पारोळेकर
आणि तो ३,१०० वाला? तो पण कोराच आहे, दोनमधे अडीच हजार वाचतात.

टायरवाला_धुळे
दोन टायरमागे २,४०० वाचतात, हो. त्यावर आयएसआयचा शिक्का आहे का बघा, आपल्याकडे विकायच्या कारच्या टायरला तो लागतोच, आयएस १५६३३ असा नंबर असतो. दुसरं, जून २०२० पासून बाहेरून नवे टायर आणायला सरकारचा परवाना लागतो, त्यामुळे पूर्वी ढिगाने यायचे ते स्वस्त बाहेरचे टायर आता तसे येत नाहीत. कुठल्या तरी गोडाऊनमधे राहिलेला जुना माल असला तर तारखेत कळेल. तिसरं, साइजच्या पुढे ८५टी किंवा ८५एस असं काहीतरी असतं. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलोपर्यंत वजन, टी म्हणजे ताशी १९० पर्यंत, एस म्हणजे १८०. वेगाचं सोडा, कोण पळवतोय एवढी, पण ८५ च्या खालचा आकडा घेऊ नका. शिक्का, तारीख, ८५ तिन्ही बरोबर असतील तर टायर वाईटच असं मी म्हणणार नाही, फक्त उद्या फुगा आला तर कोणाकडे जाणार ते विचारून ठेवा. मोठ्या कंपनीचा माणूस निदान येऊन टायर बघतो तरी.

साने_नगर_धुळे
आता सिरियस प्रश्न. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची ना? आमच्याकडे पेट्रोल पंपावर सगळे सांगतात गरमीत हवा फुगते, टायर फुटतो, चार-पाच पॉइंट (पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) कमीच भर.

भुसावळ_टॅक्सी
हीच गोष्ट टायर फोडते. हवा कमी असली की टायर दबतो, दर फेरीला साइडची भिंत जास्त वाकते आणि ते वाकणंच उष्णता तयार करतं. वरून ऊन, खालून रस्ता, आतून ही. फुटलेले टायर बघा कधी, बऱ्याच वेळा साइडची भिंत गोल फाटलेली असते. हवा फुगते हे खरं आहे, तापमान सहा-एक डिग्रीने वाढलं की साधारण एक पॉइंट वाढतो, चालून तापलेल्या टायरमधे चार-पाच वाढलेली दिसणारच, कंपनीने ते धरूनच आकडा दिलेला असतो. ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर पत्र्यावर स्टिकर आहे, त्यावर भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरांच्या हवेचा आकडा वेगळा असतो, नाशिकला जाताना तो घ्यायचा. सकाळी गाडी थंड असताना भरायची. वाटेत तापलेल्या टायरची हवा सोडत बसायचं नाही.

चाळीसगावची_सून
आमच्या पंपावरचा मुलगा न बघताच सगळ्यांना पस्तीस मारतो. मी स्वतःचं हवा मोजायचं छोटं गेज घेतलंय, डिक्कीत असतं. नायट्रोजनचं काय पण? दुकानवाले फार मागे लागतात.

टायरवाला_धुळे
आम्हीच मागे लागतो 😅 साध्या हवेत पण ७८ टक्के नायट्रोजनच आहे ताई. पैसे वर आले तर भरा, दादांचं बजेट बघता त्यांनी गेज घ्यावं.

शिरपूरना_भाऊ
विमा शे ना, टायर फुटना तं विमावाला दी.

केळीवाला_रावेर
नही भो. नुसता टायर फुटला तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीचं पण नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीचे निम्मे, तेवढंच.

पारोळेकर
मंडळी, काल शनिवारी काम करून आलो, हिशोब टाकतो म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. जळगावला तीन दुकानांत फोन केले, "सगळं धरून" हे शब्द वापरले तर ४,३०० वाल्याने त्याच भावात फिटिंग, बॅलन्सिंग आणि वॉल करून द्यायचं कबूल केलं. दोन टायर ८,६००, तारीख तीन महिन्यांच्या आतली, मागे लावले. पोरगा पुढेच लावत होता, त्याला थांबवलं तर म्हणाला साहेब सगळे पुढेच लावतात, मी म्हटलं मला मागेच दे. लोअर आर्मचे बुश खरंच गेलेले होते, रबर हाताने सुटून आलं, ते मजुरीसकट १,७००. पुढचे दोन उलटून बसवले, त्यांचं बॅलन्सिंग आणि सगळ्या गाडीची अलाइनमेंट ७५०. एकूण ११,०५०. स्टेपनी आहे तीच ठेवली, दिवाळीला पुढचे बदलले की त्यातला बरा असेल तो स्टेपनीला.
आता एक राहिलंच. जुने मागचे दोन घरी आणलेत, दुकानदार दोघांचे तीनशे देत होता, मला कमी वाटले.

टायरवाला_धुळे
बरं केलं नाही दिले ते. नक्षी भरपूर, भेगांवर पॉलिश मारलं की ते कुठल्यातरी गावात १,४०० ला उभे राहिले असते. गाडीला लावायला कोणाला देऊ नका, ओळखीच्याला तर नाहीच.

शिरपूरना_भाऊ
बैलगाडीले दी टाक. बैल काय नव्वदनी स्पीडवर जातस का?

पारोळेकर
शेजारचे काका त्यांच्या टायरगाडीला मागतच होते, त्यांनाच देतो. ते म्हणाले, बरं झालं माझं ऐकलं 😄 मेकॅनिकला अजून सांगितलं नाही.

साने_नगर_धुळे
अलाइनमेंटचा प्रिंट दिला का हो त्याने? माझ्याकडून साडेसहाशे घेतले आणि कागद मागितला तर म्हणे मशीनची शाई संपली.

पारोळेकर
दिला. आधीचे आकडे लाल, नंतरचे हिरवे. वडिलांच्या फाइलमधेच ठेवलाय, नाशिकला जाताना ती फाइल विसरत नाही म्हणून.